आठ गट, एक स्लाइड-फाइल

गूगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. ऑनलाइन तासाला गटात काम करून घ्यायचं तर आता काय वापरायचं? फळ्याची दुसरी ॲप्स खूप आहेत, पण मोबाइलवर शिकणाऱ्या मुलांना त्यासाठी आणखी एक खातं उघडायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. गूगल स्लाइड्स पुरेसं आहे. फाइल मात्र आधी नीट तयार हवी.

समजा ४० मुलं, पाच-पाचचे ८ गट, विषय महाराष्ट्रातल्या नद्या. स्लाइड ९: पहिलीवर सूचना, बाकी प्रत्येकीवर मोठा गटक्रमांक आणि तीन चौकटी: उगम, उपनद्या, मोठं धरण. चौकटी थेट त्याच फाइलमध्ये काढल्या की लहान स्क्रीनवर बोट लागून त्या सरकतात. म्हणून आराखडा वेगळ्या फाइलमध्ये काढा, पीएनजी चित्र म्हणून उतरवा आणि इथे 'बॅकग्राउंड' म्हणून लावा. मग तो हलत नाही. वर रिकामे टेक्स्ट बॉक्स ठेवून द्या. फोनवर नवा बॉक्स टाकणं मुलांना किचकट जातं.

शेअर करताना 'एनीवन विथ द लिंक' निवडून पुढे 'एडिटर' करा. ते 'व्ह्यूअर'वरच राहिलं तर तास सुरू होताच परवानगीच्या विनंत्यांचा पाऊस पडतो. फोनवर लिहायला स्लाइड्सचं ॲप लागतं, ते आदल्या दिवशीच उतरवून घ्यायला सांगा. मुलांनी लॉग-इन केलेलं असावं. नाहीतर मुलांच्या नावांऐवजी गूगलने दिलेली अनामिक प्राण्यांची नावं दिसतात आणि कोणी काय लिहिलं ते नंतरही कळत नाही.

कोणीतरी दुसऱ्या गटाची स्लाइड पुसणार, हे धरूनच चाला. तुमच्या 'अनडू'ने ती परत येत नाही, कारण त्याने फक्त तुमचेच बदल मागे जातात. संगणकावर 'व्हर्जन हिस्टरी' (फाइलच्या जुन्या आवृत्त्यांची यादी) उघडा, पण 'रिस्टोअर' दाबू नका: अख्खी फाइल मागे जाते आणि बाकी सात गटांनी त्यानंतर लिहिलेलंही जातं. स्लाइड पुसण्याआधीच्या आवृत्तीची 'मेक अ कॉपी' करा आणि त्यातली हरवलेली तेवढी स्लाइड मूळ फाइलमध्ये चिकटवा.

मोफत जीमेल खात्याच्या गूगल मीटमध्ये गटांसाठी वेगळ्या खोल्या नाहीत. मोफत झूममध्ये आहेत, पण ४० मिनिटांची मर्यादा. ५ मिनिटं सूचना, २० गटकाम, प्रत्येक गटाला दीड मिनिट म्हणजे १२. तीन मिनिटं हाताशी उरतात, तीही जोडणी तुटण्यात जातात.

उजळणीची चाचणी गूगल फॉर्मवर घेताना 'शॉर्ट आन्सर' जपून वापरा. यंत्र अक्षरन् अक्षर जुळवतं. 'उजनी' हे उत्तर भरलं असेल तर 'उजनी धरण' चूक ठरतं, '१२' भरलं असेल तर इंग्रजी आकड्यांत '12' लिहिणाऱ्याचे गुण जातात. शक्य ती सगळी रूपं उत्तरांत भरा आणि 'मार्क ऑल अदर आन्सर्स इनकरेक्ट'ची खूण काढा. उरलेली उत्तरं हाताने तपासावी लागतात, पण मुलांवर अन्याय होत नाही.

तास संपला की लिंक परत 'व्ह्यूअर' करायला विसरू नका.