पेव्हर ब्लॉकचं मैदान

मुलीच्या शाळेने, इथे नाशकातच, मैदानभर पेव्हर ब्लॉक टाकले, कोपऱ्यात एक प्लास्टिकची घसरगुंडी ठेवली, झालं गार्डन! एप्रिलमध्ये दुपारी बसून दाखवा तिच्यावर, पापड भाजून निघेल. अहो पश्चिमेला दोन कडुनिंब लावा ना, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं, खाली वाळू, चार जुने टायर, एक नळ आणि मातीचा ढीग, पुष्कळ झालं. १९४३ला कोपनहेगनजवळ एमड्रुपला मुलांना भंगार, फळ्या देऊन असंच खेळायला सोडलं होतं, आणि आपल्या बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ तर डहाणूजवळ कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात घेऊन गेल्या. आमच्याकडे मातीने युनिफॉर्म मळतो म्हणून पालकच तक्रार करतात, (त्यात मीपण होते, खोटं कशाला बोलू).