तीस अंशांवरची बाटली

मधल्या बोटावर जांभळट, खपली धरलेली गाठ. अडीच महिने झालेले. अँटिबायोटिक्सचे दोन कोर्स झाले, एकदा चिराही दिला, पण पू निघाला नाही. ताप नाही, दुखणंही फारसं नाही. मी रुग्णाला बाही वर करायला सांगितली. मनगटाशी एक, कोपराखाली दोन. छोट्या गाठी माळेसारख्या एका ओळीत वर चढल्या होत्या.

जंतू लसीकावाहिन्यांच्या, म्हणजे शरीरातला लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या, वाटेने निघाला की अशी ओळ दिसते. स्पोरोथ्रिक्स ही बुरशी असं करते, नोकार्डिया हा मातीतला जीवाणूही करतो. बागकाम, काटा, माती? सगळ्याला ‘नाही’. मग पाण्याबद्दल विचारलं.

“घरी फिश टँक आहे, मीच साफ करतो. त्यातल्या दगडाने बोट खरचटलं होतं, पण ते केव्हाच भरलं, डॉक्टर.”

जखम भरल्यावर तीन आठवड्यांनी गाठ आली, मग त्यांनी तरी संबंध कसा जोडावा? पाण्याबद्दलचा प्रश्न आम्ही डॉक्टरांनीच विचारायचा असतो.

मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयाच्या जंतूचा पाण्यातला भाऊबंद. याला गारवा लागतो, म्हणून तो हातापायांच्या त्वचेतच रमतो. प्रयोगशाळेत नेहमीच्या 37 अंशांवर तो नीट वाढत नाही आणि रिपोर्ट कोरा येतो. बायोप्सीचा तुकडा पाठवताना मी चिठ्ठीवर लिहिलं आणि वर फोनही केला: एक बाटली 30 अंशांवर ठेवा, सहा आठवडे टाकू नका.

पॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे क्षयातही दिसतो तसा दाहपेशींचा पुंजका, दिसला, पण क्षयजंतूंसाठीच्या रंगात काहीच सापडलं नाही. मरिनममध्ये असं बरेचदा होतं, हे माहीत असूनही ते दिवस जड गेले. घरचे विचारत होते, “टीबी आहे का? आम्हाला लागेल का?” मरिनम माणसाकडून माणसाला लागत नाही, एवढं मी ठामपणे सांगू शकले.

एकोणिसाव्या दिवशी सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमचा फोन आला. “खाली या, बघा.” 37 अंशांची बाटली रिकामी होती. 30 अंशांच्या बाटलीत जंतूंच्या फिकट वसाहती होत्या, आणि उजेडात ठेवलेल्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. उजेडात रंग धरणं ही याची जुनी ओळख. मी कितीतरी वेळ ती बाटली हातात धरून उभी होते.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही दोन औषधं सुरू केली. क्षयाचा ठरलेला कोर्स इथे चालत नाही. त्यातल्या पायराझिनामाइड या औषधाला हा दाद देत नाही. दीड महिन्यात ओळ पुसट झाली. गाठी गेल्यावरही गोळ्या दोन महिने चालू ठेवल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी हात पुढे केला, बोटावर तपकिरी डाग तेवढा उरला होता. टँक आता ते लांब हातमोजे घालून धुतात.