पुरणाची कणीक आणि माझे हात

काल महालक्ष्म्यांची बोळवण झाली, त्यांच्यासोबत गणपतीही गेले. मुखवटे कापसात गुंडाळून पेटीत ठेवले, शालूंच्या घड्या झाल्या, उरलेली आंबील आज सकाळी संपली. कंबर धरली आहे, तरी झोप येत नाही. हे केव्हाचे झोपले.

ताई, माझ्या थोरल्या जाऊबाई, काही वाईट बोलल्या नाहीत. हे आधी लिहून ठेवते, कारण पूजेच्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी बरंच काही घालून राहिले आहे. झालं ते एवढंच. सकाळी मी परात पुढे ओढली. पुरणाची कणीक या घरात दरवर्षी मीच तिंबते, सासूबाई होत्या तेव्हापासून. ताईंनी परात हलकेच आपल्याकडे घेतली. म्हणाल्या, "राहू दे गं. तू नको. तुझे हात..." तेवढ्यात आत बाळ रडलं आणि त्या उठून गेल्या. परात ताईंच्या लेकीच्या, रेवाच्या, सासूबाईंकडे गेली. मला भाज्या चिरायला दिल्या.

पुढचा सगळा दिवस मी हसतमुखाने वावरले. सवाष्णींना वाढलं, पानं उचलली, रात्री आरतीला टाळ वाजवले. आणि दर थोड्या वेळाने मनात येत होतं, माझे हात काय?

आमच्या कुत्र्याचं, पिंट्याचं, वजन २२ किलो. त्याच्या वजनाच्या अडीच टक्के कच्चं खाणं धरलं तर दिवसाला साडेपाचशे ग्रॅम. त्यातला दहावा भाग हाड, दहावा भाग अवयवांचं मांस, आणि त्यातही कलेजी निम्मीच, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम. त्याहून जास्त कलेजी रोज गेली तर अ जीवनसत्त्व अंगात साठतं. बाकीचं लाल मांस, पोटा, वजडी. हे सगळं मी तोंडपाठ म्हणू शकते. गच्चीवरच्या खोलीत त्याच्यासाठी वेगळा छोटा फ्रीजर आहे. वेगळा पाट, वेगळी कात्री, स्टीलचं वेगळं घमेलं. कोंबडीची मान कापायची तर सांध्यावर कात्री लावायची, म्हणजे हाडाचा चुरा होत नाही. झालं की पाट साबणाने, मग ब्लीचच्या पाण्याने, मग उन्हात. हात कोपरापर्यंत धुवायचे, नखांना ब्रश लावायचा. मी स्वतः अंडंही खात नाही. कच्च्या मांसाचा तो गार, लोखंडासारखा वास सुरुवातीला दिवसभर नाकातून जायचा नाही. आता येतच नाही.

आणि पिंट्याचं खाणं बघायचं. मान दोन पंजांत धरतो, डोकं एका बाजूला कलतं करतो, आणि मागच्या दाढांनी चावतो. कट्, कट्. डोळे अर्धे मिटलेले. दादा एकदा गच्चीवर आले होते, बराच वेळ उभे राहून बघत होते. "काय मन लावून खाऊन राहिला बाप्पा हा," म्हणाले. ते ऐकून मला जे वाटलं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

आधी तो खाजवून खाजवून रक्त काढायचा. पोटाखालचे केस गेले होते. पिशवीतलं कोरडं खाणं बंद करून कच्च्यावर आणलं, हळूहळू कातडी भरली. फक्त खाण्यामुळेच भरली असं मी म्हणत नाही. त्याच काळात त्याची गोचिडं काढली, औषध दिलं, पावसाळाही सरला. कच्चं खाऊ घालणारी काही मंडळी लसही नको म्हणतात. त्यांचं मला कधीच पटलं नाही. कडुनिंबाच्या पाण्याने मी त्याला आंघोळ घालते, खोबरेल तेल लावते, खाण्यात हळद-मिरी असते. पण रेबीजची लस दरवर्षी सेमिनरी हिल्सला नेऊन टोचून आणते, आणि गोचिडाची गोळी चुकवत नाही. गोचिडाचा ताप कडुनिंबाने थांबत नाही. नैसर्गिक वाढवणं म्हणजे देवावर सोडून देणं नव्हे, हे मी ताईंना किती वेळा सांगितलं असेल. त्या ऐकून घेतात. "तुझं तुला माहीत," म्हणतात.

मग तुझे हात म्हणजे काय?

दोन दिवस हेच चाललं आहे. जंतूंची भीती असेल, तर मला राग नाही. कोंबडीत साल्मोनेला असतो. फ्रीजरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही, नुसता थंड पडून राहतो. कुत्र्याला काहीही न होता त्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडू शकतो. हे मला ताईंपेक्षा जास्त माहीत आहे. पण मग कणीक का काढून घेतली? कणीक तापलेल्या तव्यावर जाते, दोन्ही बाजूंनी भाजली जाते, तिथे कुठला जंतू टिकेल? आणि मला दिलं काय, तर काकडी. कोशिंबिरीची काकडी मी चोचवली, ती तशीच कच्ची दह्यात गेली आणि पानात वाढली गेली. जंतूंचाच विचार असता तर ताईंनी मला कणीक दिली असती आणि काकडी काढून घेतली असती.

म्हणजे सोवळं? पण तेही बसत नाही. या घरात सावजीचं मटण येतं. दादा आणतात, ताई चवीने खातात, रस्सा तर्रीसकट. चातुर्मास पाळतात, पण एरवी नाही म्हणत नाहीत. शिजलेलं मांस ताटात चालतं आणि कच्चं मांस माझ्या हातात चालत नाही? की माणसाच्या ताटातलं चालतं आणि कुत्र्याच्या ताटातलं नाही? इथे आलं की मला रडू येतं. चाळिशी कधीच उलटून गेली, आणि मी एका परातीसाठी रडते आहे.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या हातांना मांस लागलंच नव्हतं. गणपती बसले तेव्हापासून फ्रीजर रिकामा होता. दरवर्षी असतो. पिंट्याला दहीभात, उकडलेला लाल भोपळा, घरचं पनीर. त्याला ते चालतं. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला भात-पोळी देणं पाप, असं म्हणणारेही भेटतात. २०१३ साली कुत्र्यांच्या जनुकांवर संशोधन प्रसिद्ध झालं. कुत्रा माणसाजवळ राहायला लागल्यावर त्याला पिष्ट पचवण्याची ताकद आली, लांडग्याला ती तेवढी नाही, असं त्यातून दिसलं. पिंट्या तर आपला गावठी, त्याच्या मागच्या किती पिढ्या आपल्याच दारच्या शिळ्या पोळीवर जगल्या. म्हणून सणाचे दिवस मी निर्धास्त असते. पण ताईंना हे कुठे माहीत? त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या क्षणी सांगितलं असतं तर सफाई दिल्यासारखं झालं असतं, आणि मला सफाई द्यायची नव्हती.

का नव्हती, हे अजून कळत नाही.

माझा ओंकार पुण्याला गेला त्या वर्षी पिंट्या आला. तो विषय राहू दे.

या घरात मी काय करते हे सगळ्यांना दिसतं, फक्त पिंट्यासाठी जे करते ते कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही, असं मला वाटत आलं आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळी सहाला गोकुळपेठेत जाऊन बर्फाच्या डब्यात मांस आणायचं, कारण आठ वाजले की त्याचा भरवसा नाही. ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून कच्चं खाऊ घालायची ही पद्धत लोकांपुढे मांडली. तिथल्या हवेत, तिथल्या दुकानांत ती ठीक आहे. ती नागपूरच्या उन्हात बसवायची तर सगळं नव्याने शिकावं लागतं. ते मी शिकले, एकटीने. कुणी म्हणावं, छान केलंस. असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणावं अशी अपेक्षाही करू नये. तरी ती होती, हे परवा परात सरकली तेव्हा मला समजलं.

हे इथवर लिहून थांबले होते. उठून पाणी प्यायले. खाली बाळ रडत होतं, मग थांबलं. रेवाने घेतलं असेल.

बाळ. हे मला आधी का सुचलं नाही?

२०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. जानेवारीत बातमी आली, बर्ड फ्लू. कच्च्या कोंबडीतून आला असावा असा संशय तेव्हा बोलून दाखवला जात होता. गोरेवाडा आमच्या घरापासून किती लांब आहे? त्या संध्याकाळी मी फ्रीजर उघडून उभी राहिले होते आणि आतल्या पुड्यांना हात लावायची हिंमत होत नव्हती. सगळ्या उचलून शिजवल्या. हाडं काढून टाकली, कारण शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या आतडं फाडू शकतात. शिजल्यावर आता धोका नाही, हे मला नीट माहीत होतं. तरी ते घमेलं पिंट्यापुढे ठेवताना माझा हात कापत होता. नंतर कितीतरी दिवस मी कोंबडी आणलीच नाही. कुठली कोंबडी कुठून आली, किती तापमानाला विषाणू मरतो, हा हिशेब तेव्हा मी कुठे केला होता? पिंट्याला काही होऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

ताईंच्या घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. रेवाचं हे तिसऱ्या वेळेचं, पहिली दोन राहिली नाहीत. ताई त्यावर कधी बोलत नाहीत, मीही विचारलं नाही. बाळ आल्यापासून त्या दूधवाल्याचं पातेलंही दोनदा विसळतात. गोकुळाष्टमीला शेजारच्या काकूंनी बाळाच्या गालाला हात लावला, तर ताईंचा चेहरा उतरला होता, तेव्हा मीच त्यांना कोपराने खूण केली होती की असू द्या. कणीक तव्यावर जाते आणि काकडी जात नाही, हे त्या मापतच नव्हत्या. त्यांना माझे हात दिसले, त्या हातांत कायम काय असतं ते आठवलं, आणि आत बाळ होतं. तेवढंच.

की हे मी त्यांच्या वतीने ठरवते आहे? असेल. तरी आधीपेक्षा श्वास मोकळा झाला.

आणि बाळापुरतं बोलायचं तर त्यांची भीती अगदीच वाऱ्यावर नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्च्या मांसाला नापसंती नोंदवली. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर कच्चं टाळा, असं आमचे डॉक्टरही मला पहिल्या दिवसापासून सांगत आले. तेव्हा घरात यातलं कुणी नव्हतं. आता आहे. पिंट्या जिन्यावरून खाली जातो, रेवाच्या पायाशी बसतो, दुपट्याचा वास घेतो. तो वर राहील अशी अपेक्षा मी करू शकत नाही, त्याला ते बाळ फार आवडतं.

म्हणून दिवाळीपर्यंत, रेवा सासरी जाईपर्यंत, शिजवून. माझी कच्च्यावरची श्रद्धा जराही कमी झालेली नाही, हे इथे लिहून ठेवते. पण पिंट्या शिजलेलंही खाईल आणि त्याचं काही बिघडणार नाही, हेही मला माहीत आहे. फक्त नुसतं मांस शिजवून घातलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि फॉस्फरस जास्त होतं. दोन्हींचं प्रमाण साधारण सव्वाला एक राहायला हवं, नाहीतर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. हाड नाही तर अंड्याचं टरफल. धुवायचं, वाळवायचं, भाजायचं, मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवायचं. एक सपाट चमचा म्हणजे जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम, त्यातला अर्धा चमचा अर्धा किलो मांसाला. कलेजी तेवढीच. दाढांना काम म्हणून गाजर. माना नाहीत म्हणून तो दोन दिवस माझ्याकडे बघत राहील, ते सोसायचं.

सकाळी गोकुळपेठेत भाऊंना सांगायचं, माना-पंजे नकोत, बिनहाडाचं द्या. ते विचारतील, पाहुणा रुसला का? त्यांना बाळाचं सांगेन.

आणि टरफलं. आमच्या वरच्या मजल्यावर अंडी येत नाहीत, पिंट्यापुरती येतात ती पुरणार नाहीत. रेवाला बाळंतिणीची म्हणून रोज दोन उकडून देतात, ताई स्वतः सोलतात. ती टरफलं मला ठेवायला सांगायची आहेत. कशासाठी हवीत हे त्या विचारतील, तेव्हा सगळंच सांगावं लागेल, फ्रीजर रिकामा होता तेही. आणि अष्टमीच्या पुरणाची कणीक मी तिंबणार आहे, हेही तेव्हाच.