दोन ओळी सोडून बघितल्या

ट्रान्सफर, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ पिशवीत सोडणं, फेल गेल्यानंतर जोडपं पहिल्यांदा भेटायला येतं, ती भेट आमच्या कामात सगळ्यात जड. मी सांगलीतल्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये समुपदेशक आहे. बीटाचा, म्हणजे दिवस राहिलेत का ते बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आलेला असतो. घरात कुणी सांत्वन करून थकलेलं असतं, कुणाला अजून सांगितलेलंच नसतं. डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडताना जोडप्याच्या हातात एक कागद असतो, 'पुढच्या सायकलसाठी पूरक पर्याय' असा. तो घेऊन ते माझ्या खोलीत येतात. मी समजावून सांगायचं, त्यांनी चौकटींत खुणा करायच्या आणि सही करायची.

हे जोडपं तासगाव भागातलं होतं. ती 31 वर्षांची, तो तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. द्राक्षबाग, थोडा ऊस, एकत्र कुटुंब. तिच्या दोन्ही नळ्या बंद होत्या, बाकी दोघांचेही रिपोर्ट चांगले. तीन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढवलेले गर्भ, तयार होऊन फ्रीज केले होते. त्यातला एक सोडला, तो रुजला नाही. दोन शिल्लक होते.

तो खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "मॅडम, सगळ्यावर टिक करा. बेदाण्याचे पैसे आलेत. पैशापायी राहिलं, असं नको व्हायला."

मला हे वाक्य नवीन नाही. शब्द वेगळे असतात, पण जवळजवळ प्रत्येक नवरा हे बोलतो. त्यात प्रेम असतं आणि भीतीही असते: उद्या पुन्हा निगेटिव्ह आलं आणि आपण एखादी गोष्ट सोडली असली, तर ती सोडलेली गोष्ट जन्मभर टोचत राहणार. अशा मनःस्थितीतल्या माणसासमोर यादी ठेवली की तो वाचत नाही, फक्त सही कुठे करायची ते विचारतो.

ती मात्र वाचत होती. घरचा हिशेब तीच ठेवत असावी, कारण पर्समधून तिने स्वतःचं पेन काढलं आणि प्रत्येक रकमेखाली बारीक रेघ ओढत खाली आली. गर्भपिशवीच्या अस्तराची ईआरए चाचणी. स्क्रॅचिंग. गर्भाची पीजीटी-ए तपासणी. इंट्रालिपिडचं, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं, सलाईन. लेझर हॅचिंग, म्हणजे गर्भाच्या कवचाला लेझरनं छेद. एम्ब्रिओ ग्लू. शेवटच्या ओळीवर थांबून तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव बॉलपेननं लिहिलेलं, बाकी सगळं छापील.

"मॅडम, हा कागद सगळ्यांना देता, का आमचे रिपोर्ट बघून दिलाय?"

"ज्यांची ट्रान्सफर फेल जाते त्या सगळ्यांना देतात," मी म्हणाले.

"म्हणजे आमच्यात काय कमी आहे ते बघून नाही लिहिलेलं हे."

"नाही," मी म्हणाले. दुसरं खरं उत्तर नव्हतंच. 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यातल्या कलम 21 नुसार यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि धोके जोडप्याला नीट सांगणं हे सेंटरचं कर्तव्य आहे. कायदा नसता तरी सांगितलंच पाहिजे. आयव्हीएफचा खर्च बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाही. हे पैसे बागेतून, सोसायटीच्या कर्जातून किंवा दागिने मोडून येतात.

तो अस्वस्थ झाला. "असू दे की. नुकसान तर नाही ना?"

त्यावर ती त्याच्याकडे वळली. "अहो, ते टॉनिकचं सांगा की मॅडमना."

त्याला आधी कळेना टॉनिकचं काय सांगायचं. मग तो सांगत गेला. फळछाटणी झाली की औषधाच्या दुकानात गेल्यावर दुकानदार फवारणीच्या औषधांबरोबर एकेक बाटली पुढे करतो. हे घडाच्या लांबीला, हे मण्याच्या फुगवणीला, हे पानाच्या तकाकीला. बाग चांगली आली तर टॉनिकमुळं, नाही आली तर पावसामुळं. "एका साली मी दोन ओळी सोडून बघितल्या, मॅडम. बाकी बागेला मारलं, त्या दोन ओळींना नाही. माल उतरवताना बघितलं तर काय बी फरक नाही. तवापासून ती बाटली बंद." आणि बोलता बोलता तो गप्प झाला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उमगलं होतं.

मी इतकी वर्षं हेच समजावायला शब्द शोधत असते. मग मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांनीही अशा ओळी सोडून बघितल्या आहेत, हजारो बायकांवर, त्यांच्या संमतीनं, आणि कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून. स्क्रॅचिंग म्हणजे आदल्या महिन्यात पिशवीच्या आतल्या अस्तराला बारीक नळीनं ओरखडा काढायचा. दुखतं. त्याचा एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच देशांतल्या 1364 बायका होत्या त्यात. ओरखडा काढलेल्यांपैकी 26.1 टक्के बायकांना बाळ झालं, न काढलेल्यांपैकीही 26.1 टक्केच.

ईआरए म्हणजे अस्तर गर्भ रुजवून घ्यायला नेमकं केव्हा तयार होतं ते बघायची चाचणी. त्यासाठी एक पूर्ण महिना गोळ्या-औषधं घ्यायची, अस्तराचा तुकडा काढायचा आणि त्या महिन्यात ट्रान्सफर करायचीच नाही. ऐकायला अगदी पटतं. अमेरिकेत 767 जणींवर तिची परीक्षा झाली, निकाल 2022 मध्ये आला. चाचणीप्रमाणे वेळ ठरवलेल्यांत 58.5 टक्के, नेहमीच्या वेळेला सोडलेल्यांत 61.9 टक्के बाळं. त्यातले गर्भ आधी तपासून निवडलेले होते, त्यामुळे दोन्ही आकडे मोठे दिसतात. पण चाचणीनं काही वाढवलं नाही.

"आणि हे पीजीटी? सगळ्यात महाग तेच आहे," ती म्हणाली.

पीजीटी-ए मी कधी एका वाक्यात उडवून लावत नाही. गर्भातल्या गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का ते त्यात बघतात. गर्भपाताचं प्रमाण त्यानं कमी होतं. वारंवार गर्भपात झालेल्या किंवा वय जास्त असलेल्या बाईनं डॉक्टरांशी त्यावर सविस्तर बोलावं, असं मला मनापासून वाटतं. पण चीनमध्ये 37 वर्षांपर्यंतच्या, चांगले गर्भ तयार झालेल्या 1212 बायकांचा अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी केलेल्यांत शेवटी 77.2 टक्के, न केलेल्यांत 81.8 टक्के बायकांना बाळ झालं. शिवाय हिचे दोन्ही गर्भ फ्रीज केलेले. तपासायचे तर ते आधी वितळवायचे, पेशी काढायच्या, पुन्हा फ्रीज करायचे. दोनच गर्भ असताना हा धोका लहान नाही.

तेवढ्यात त्याच्या काकांचा फोन आला. बोलून झाल्यावर त्यानं संकोचत विचारलं, पीजीटी केलं तर मुलगा का मुलगी ते कळतं का, काका विचारतायत. मी सरळ सांगितलं की आपल्या देशात ते सांगणं गुन्हा आहे, गर्भ पोटात जायच्या आधीही, आणि रिपोर्टमध्ये ते येत नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा त्यालाही लागू आहे. तिनं मान खाली घातली नव्हती, ती नवऱ्याकडे बघत होती. तो म्हणाला, "मी सांगतो काकांना."

मग मी डॉक्टरांना खोलीत बोलावलं. तिनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला: ह्यातलं माझ्यासाठी काय आहे? डॉक्टर बसले, फाईल पुन्हा उघडली, अस्तराची जाडी, हॉर्मोनचे आकडे पाहिले. ते स्पष्टपणे म्हणाले की इंट्रालिपिड देण्यासारखं काही तुमच्या रिपोर्टमध्ये नाही, हॅचिंगचंही कारण नाही. ग्लू म्हणजे गर्भ ज्या द्रवात ठेवून सोडतात त्यात हायल्युरोनानचं प्रमाण वाढवलेलं असतं. त्याच्या बाजूनं काही पुरावा आहे, पण एकमत नाही. ब्रिटनची प्रजनन उपचारांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था अशा पूरक उपचारांना पुराव्याप्रमाणे रंग देते. त्यात ग्लूला पिवळा मिळाला आहे, म्हणजे नक्की हो नाही आणि नक्की नाहीही नाही. खर्च यादीत सगळ्यात कमी.

तिनं कागदाच्या मागच्या बाजूला बेरीज मांडली. सहाही पर्याय घेतले तर ती रक्कम एका आख्ख्या फ्रोझन ट्रान्सफरच्या खर्चापेक्षा जास्त होत होती. ती रक्कम तिनं नवऱ्यासमोर सरकवली. "ह्यात अजून एकदा करता येतंय."

मला जोडप्यांना हेच कळकळीनं सांगायचं असतं. पहिल्या अपयशाच्या धक्क्यात लोक सगळं एकाच डावात ओततात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला, जेव्हा खरोखर आशा असते, तेव्हा हात रिकामे असतात. फ्रीजमध्ये गर्भ असूनही पैशासाठी थांबलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांचं वय थांबत नाही.

त्यांनी ग्लूच्या चौकटीत खूण केली, बाकीच्या पाचांवर तिनं स्वतः काट मारली आणि दोघांनी सह्या केल्या. उठताना त्यानं मला विचारलं, "पुन्हा नाही राहिलं तर चूक आमची नाही ना, मॅडम?" मी म्हणाले, "नाही दादा. गर्भ रुजत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण गर्भातच असतं. तुम्ही काही सोडलं म्हणून नाही." त्यानं ते मला परत एकदा म्हणायला लावलं.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे त्या कागदाचा विषय काढला. आधीही काढला होता, पण ह्या वेळी तिचा प्रश्न सोबत होता. आता कागदावर प्रत्येक पर्यायापुढे एक मोकळी ओळ असते, 'या रुग्णाला सुचवण्याचं कारण'. ती डॉक्टरांनीच हातानं भरायची. कारण लिहिलेलं नसेल तर मी तो पर्याय जोडप्यासमोर ठेवत नाही. काही कागद आता माझ्याकडे पूर्ण कोरे येतात.

त्यांची दुसरी ट्रान्सफर श्रावणात झाली आणि तीही फेल गेली. रिपोर्ट सांगायला मीच फोन केला. ती बराच वेळ रडली. मी फोन धरून होते. मग तिनं विचारलं की तिसरा गर्भ चांगल्या ग्रेडचा आहे ना, आणि पैसे बाजूला ठेवलेत म्हणाली. फळछाटणीची गडबड उरकली की तारीख घेणार आहेत.