पीएफच्या व्याजावरचा कर: माझा अनुभव

विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा वर्षभराच्या बाराही पगाराच्या स्लिपा समोर घेतल्या. पासबुकातलं एकूण व्याज बघून हा कर कळत नाही. सुरुवात वर्गणीपासूनच करावी लागते.

१ एप्रिल २०२१ पासून पगारातून वर्षाला २,५०,००० च्या वर जी वर्गणी जाते, तिच्यावरचं व्याज करपात्र आहे. यात पीएफसाठी कापले जाणारे आपले १२ टक्के आणि व्हीपीएफ (आपण स्वेच्छेने भरतो तो जादा पीएफ) दोन्ही धरायचे, कंपनीचा वाटा नाही. समजा, दरमहा १२,००० पीएफ आणि २०,००० व्हीपीएफ जातो. वर्षाचे झाले ३,८४,०००, म्हणजे जादा १,३४,०००. आठव्या महिन्यात मर्यादा ओलांडली जाते आणि पुढची सगळी वर्गणी करपात्र खात्यात जमा होते. आयकराच्या नियम ९डी प्रमाणे पीएफमध्ये करपात्र आणि करमुक्त अशी दोन खाती वेगळी ठेवतात. ३१ मार्च २०२१ पर्यंतची शिल्लक करमुक्त खात्यातच राहते.

बहुतेकांची गल्लत पुढे होते. व्हीपीएफ बंद केला की कर थांबेल असं वाटतं, पण तसं होत नाही. त्या १,३४,००० वर ८.२५ टक्क्यांनी पुढच्या वर्षी ११,०५५ व्याज येतं, ते करपात्र. तेही त्याच खात्यात साठतं आणि त्याच्या व्याजावर परत कर. रक्कम काढेपर्यंत दरवर्षी हे चालूच राहतं.

करपात्र व्याज १०,००० च्या वर गेलं की (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ५,००० होती) १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापतात; पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. पण टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला असं समजू नका. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून ११,०५५ वर ३,४४९ होतात, कापलेले असतात १,१०६. उरलेले २,३४३ आपणच भरायचे. हे व्याज ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ यात दाखवायचं, तिथे पीएफच्या करपात्र व्याजासाठी वेगळा रकाना आहे. व्याज बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर जमा होतं, म्हणून २६एएस (आपल्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून टीडीएस कोणत्या वर्षात दिसतो ते आधी पाहावं. उत्पन्न एका वर्षात आणि टीडीएस दुसऱ्या वर्षात गेला, तर कापलेला टीडीएस आपल्या करातून वळता होणं अडकतं.

कर गेल्यावर जादा वर्गणीवर हाती उरतात जेमतेम ५.६८ टक्के. माझ्या मते एवढ्यासाठी पैसे निवृत्तीपर्यंत अडकवू नयेत. २,५०,००० ला १२ ने भागून १२,००० वजा केले की ८,८३३ उरतात; व्हीपीएफ तेवढाच ठेवायचा. अनेक कंपन्या हा बदल वर्षातून एकदाच करू देतात, म्हणून एप्रिलचा पगार निघण्याआधीच एचआरला लेखी कळवलं.