बाबांचा आठवडा आणि ऑरलँडोतल्या दहा रात्री

माझ्या सासऱ्यांनी 2008 साली, निवृत्तीच्या वर्षी, एक टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दर वर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क, घेतला. पणजीच्या एका हॉटेलात 'बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनी जेवायला या' असा फोन आला होता. जेवण संपेपर्यंत बाबांनी फंडाच्या पैशातून चेक लिहून दिला होता. बदल्यात मिळाला बार्देशातल्या किनाऱ्याजवळच्या रिसॉर्टमधला वर्षाकाठी एक आठवडा. आम्ही राहतो फोंड्याला. गोव्यातल्या माणसाने गोव्यातच आठवडाभर रिसॉर्टवर जाऊन काय करायचं? पुण्याचे पाहुणे आले तेव्हा दोनदा वापरला, एवढंच. मेंटेनन्सचं बिल मात्र दर वर्षी येई, मागच्या वर्षीपेक्षा थोडं जास्त. बाबा ते गुपचूप भरत आणि पावती स्टीलच्या कपाटात ठेवत. घरात कुणी त्यांना कधी टोकलं नाही, आणि ते कुणी टोकत नाही हेच त्यांना लागत होतं. मला दिसत होतं.

म्हणून मुलांनी, मुक्ता आणि ओमने, अमेरिकेतल्या फ्लोरिडात ऑरलँडोजवळ असलेल्या डिस्ने वर्ल्डचा हट्ट धरला आणि आमची पैशांची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा मी पहिल्यांदा ते कपाट उघडलं. एकदा तरी त्या आठवड्याचं सोनं व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

आम्ही सहा जण. मी, माझा नवरा समीर, दोन मुलं, बाबा (वय 75, उजवा गुडघा दुखरा) आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. खरी अडचण या सहा आकड्यातच होती. डिस्नेची स्वतःची हॉटेलं उद्यानांच्या आवारातच आहेत, पण त्यातल्या स्वस्त गटातल्या साध्या खोलीत चारच माणसं चालतात. म्हणजे दोन खोल्या, नाहीतर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलातला सहा जणांचा फॅमिली सूट. सूटचं एका रात्रीचं भाडं आमच्या तारखांना कर धरून 600 डॉलरच्या घरात जात होतं. ऑरलँडोच्या ऑरेंज काउंटीत हॉटेलच्या भाड्यावर 12.5 टक्के कर लागतो, तो सुरुवातीला दिसणाऱ्या आकड्यात नसतो. डॉलर तेव्हा 85 रुपयांच्या आसपास. दहा रात्रींचे पाच लाख नुसते झोपण्याचे. तिकिटं वेगळी, विमान वेगळं.

दुसरी वाट बाबांच्या आठवड्याची. आपला आठवडा अदलाबदल करणाऱ्या संस्थेकडे जमा करायचा आणि त्याच्या वजनात, म्हणजे अदलाबदलीतल्या किमतीत, बसेल असा दुसरीकडचा आठवडा मागायचा. बाबांचं रिसॉर्ट आरसीआयशी जोडलेलं. ही संस्था 1974 पासून हेच काम करते. आठवडा जितका लवकर जमा कराल तितकं त्याचं वजन जास्त. शेवटच्या महिन्यात जमा केलेल्याला फारसं काही मिळत नाही. आम्ही दहा महिने आधी केला. गर्दीच्या मोसमातला, म्हणजे लाल आठवडा होता आणि ऑरलँडोच्या आसपास टाइमशेअर रिसॉर्टं इतकी आहेत की मे महिन्यातलं दोन बेडरूमचं घर सहज दिसलं. डिस्नेच्या अगदी शेजारी, किसिमीच्या बाजूला.

डिस्नेचा स्वतःचाही टाइमशेअर आहे, 1991 पासूनचा, डिस्ने व्हेकेशन क्लब नावाचा. आपला आठवडा देऊन थेट त्यांचंच घर मिळालं तर दोन्ही साधेल, असं मला वाटलं होतं. ते जमलं नाही. 2022 पासून त्यांची अदलाबदल आरसीआयकडून इंटरव्हल इंटरनॅशनल या दुसऱ्या संस्थेकडे गेली आहे. तुमचा टाइमशेअर कुठल्या संस्थेशी जोडलेला आहे हे आधी बघा, नाहीतर माझ्यासारखे आठ दिवस नुसते शोधण्यात जातील.

मग अडलं नावाशी. बाबांचा जन्म 1950 चा, पोर्तुगीज अमदानीतला. जन्मदाखल्यावर आणि म्हणून पासपोर्टवर आडनाव 'पोरोबो', आणि टाइमशेअरच्या कागदावर त्यांनी रोजच्या सवयीने लिहिलेलं 'प्रभू'. अमेरिकेतलं रिसॉर्ट दारात पासपोर्ट बघणार, आणि आरक्षणाच्या पत्रावरचं नाव जुळायला हवं. इथल्या कंपनीला आधी हा फरकच कळेना. फोनवरचा मुलगा विचारायचा, 'म्हणजे सरांनी नाव बदललं का?' नोटरीचं प्रतिज्ञापत्र, पासपोर्टची प्रत, जन्मदाखल्याचं भाषांतर असं सगळं तीनदा पाठवलं. दोन महिने गेले. गोव्यातल्या जुन्या पिढीच्या नावावर असं काही असेल तर हे काम सगळ्यात आधी करा, आरक्षण नंतर. मुंबईला व्हिसासाठी दोन फेऱ्या झाल्या, त्या याच्यापुढे सोप्या वाटल्या.

शेवटी मी सुवर्णमध्य काढला. सात रात्री टाइमशेअर, शेवटच्या तीन रात्री डिस्नेचं हॉटेल. वर्षाचा मेंटेनन्स आणि अदलाबदलीची फी धरून त्या सात रात्री हॉटेलच्या दोन रात्रींपेक्षाही स्वस्त पडल्या. त्यात भाड्याच्या मोठ्या गाडीचा खर्च मिळवायला हवा, कारण बाहेर राहायचं तर गाडीशिवाय गत्यंतर नाही, आणि उद्यानाच्या पार्किंगचे तेव्हाचे रोजचे 30 डॉलरही. तरीही फरक मोठाच राहिला.

शनिवारी संध्याकाळी पोचलो. खोलीच्या किल्ल्या मिळाल्या आणि सांगितलं की गाडीचा पास पलीकडच्या टेबलावर घ्या. पलीकडे एक हसतमुख बाई. पास छापता छापता म्हणाल्या, उद्या सकाळी नव्वद मिनिटं नाश्त्याला या, तुमच्या मालकी हक्काबद्दल थोडी माहिती देऊ, वर भेटकार्डही देऊ. बाबा सभ्य माणूस, त्यांची मान होकारार्थी हललीच होती. मी त्यांचा हात धरला आणि 'नको, धन्यवाद' म्हटलं. त्या बाईंनी तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा तेच म्हटलं. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर स्कूटरवाली पोरं पर्यटकांना स्क्रॅच कार्ड द्यायची, ते मी कॉलेजात असल्यापासून बघितलंय. ही तीच गोष्ट, फक्त वातानुकूलित. कुणी गेलंच आणि सही करून बसलं, तर फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत लेखी रद्द करता येतं, एवढं लक्षात ठेवा. बाबा लिफ्टमध्ये काही बोलले नाहीत. वर गेल्यावर म्हणाले, 'तेव्हा तू घरात असतीस तर.' 2008 मध्ये आमचं लग्न झालं नव्हतं.

घर मात्र घरासारखं होतं. दोन बेडरूम, दोन न्हाणीघरं, सहा खुर्च्यांचं टेबल, कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र, पूर्ण स्वयंपाकघर. आईंनी ते यंत्र पहिल्याच रात्री चालू केलं. मेमधल्या फ्लोरिडाचा घाम आपल्या पणजीच्या घामासारखाच, रोज बारा कपडे निघतात. भारतातून तांदूळ नेता येत नाही, खापरा किड्यामुळे अमेरिकेत त्यावर बंदी आहे, म्हणून उकडा तांदूळ घरीच राहिला होता. तिथल्या दुकानातून साधा तांदूळ, नारळाच्या दुधाचा डबा आणि गोठवलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली. मी फोडणी घातली आणि छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. ओम घाबरून रडला. समीरने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घातला तेव्हा ते थांबलं. त्यानंतर आधी पंखा, मग बाल्कनीचं दार, मग तेल, असा क्रम ठरला. तिसऱ्या दिवशी बाबांच्या ताटात सुंगटांचं हुमण आणि भात पडला आणि दोन दिवस न जेवलेला माणूस पोटभर जेवला. हॉटेलात हे कशाने झालं असतं? त्या फॅमिली सूटमध्ये छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो, शेगडी नसते.

आता दुसरी बाजू. मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानाचा दिवस. रिसॉर्टहून गाडीने वीस मिनिटं, हे खरं. पण गाडी लावता ती जागा उद्यानापाशी नाही. वाहनतळांना त्यांच्या पात्रांची नावं आहेत. आमचा 'जाफर', रांगेचा आकडा मुक्ताने फोनवर टिपला. तिथून ट्राम. ट्राम सोडते तळ्याकाठी, आणि तळं ओलांडायला मोनोरेल नाहीतर फेरीबोट. फेरीबोट पाहून बाबांचा चेहरा उजळला. कठड्याला टेकून म्हणाले, 'हें आमचें चोडणच न्हय गो?' चोडण बेटाच्या फेरीबोटीसाठी रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहावं तसे ते उभे होते. तो क्षण मी विसरणार नाही. पण घरातून निघून दारात पोचेपर्यंत सव्वा तास झाला होता, आणि तोपर्यंत डिस्नेच्या हॉटेलांतली माणसं आत जाऊन बसली होती. त्यांना रोज अर्धा तास आधी सोडतात, कुठल्याही उद्यानात. त्या अर्ध्या तासात दोन मोठ्या राइड होतात. नंतर त्याच राइडला आम्ही तास-तास उभे राहिलो.

दुपारी बाबांचा गुडघा सुजला. घरी जाऊन पडावं म्हटलं तर पुन्हा बोट, ट्राम, जाफर, गाडी, आणि संध्याकाळी परत हेच. गेलो नाही. बाबा एका बाकावर चार तास बसून राहिले, 'तुम्ही जा, मी गंमत बघतो' म्हणत. रात्रीच्या आतषबाजीनंतर ओम समीरच्या खांद्यावर झोपलेला, बोटीची रांग संपेना. पलंगावर पडायला एक वाजला. त्या रात्री मला भाड्याचा हिशेब चुकल्यासारखा वाटला. मी रुपये मोजले होते, बाबांची पावलं मोजली नव्हती.

पुढचे दिवस आम्ही बेत बदलला. एक दिवस उद्यान, एक दिवस घर. रिकाम्या दिवशी रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव, दुपारची झोप, पत्ते. बाहेर राहायचं तर हाच मार्ग आहे, नुसती धावाधाव करायला गेलात तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही मोडतात.

मग शेवटच्या तीन रात्रींचं हॉटेल. चेक-इनच्या दिवशी सहाही जणांना वॉटर पार्क फुकट होता, ही 2025 ची सवलत. मुलांना खोलीच्या भिंतीवरचे सिंह पाहून खुळ लागलं. हॉटेलचा तलावही भला मोठा. पण माझं लक्ष होतं स्कायलायनरवर. 2019 मध्ये सुरू झालेला हा पाळण्यांचा रोपवे हॉटेलच्या मागच्या तळ्यावरून सुटतो, मध्ये एकदा बदलावा लागतो आणि एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानांना नेतो. पाळणे थांबत नाहीत, हळू सरकत राहतात. बाबांसाठी मी काळजीत होते. तिथल्या मुलीने काठी पाहिली आणि आम्हाला बाजूच्या रांगेत नेलं. त्या रांगेत पाळणा पूर्ण थांबवतात. बाबा आरामात बसले. खिडक्यांतून वारा येतो, एसी नाही. दुपारी दोनला गुडघा बोलायला लागला तेव्हा आई-बाबा ओमला घेऊन परतले, पाच वाजेपर्यंत झोपले आणि संध्याकाळी ताजेतवाने पुन्हा आले. ट्राम नाही, पार्किंग नाही. वीज चमकली की रोपवे बंद होतो, एकदा तसं झालं, तेव्हा बसने आलो. मॅजिक किंगडमला रोपवे जात नाही, पण हॉटेलची बस थेट फाटकाजवळ सोडते. पुन्हा गेलो तेव्हा तळं ओलांडावंच लागलं नाही. बाबांना त्याचं थोडं वाईट वाटलं.

लांब रांगा टाळायचा पास, लाइटनिंग लेन मल्टी पास, हॉटेलवाल्यांना मुक्कामाच्या 7 दिवस आधी घेता येतो, बाहेरच्यांना 3 दिवस. म्हणून रिसॉर्टमधल्या पहिल्याच सकाळी मी शेवटच्या तीन दिवसांच्या वेळा पकडून ठेवल्या होत्या. हव्या त्या सगळ्या मिळाल्या. पास दोघांनाही विकतच आहे, फक्त निवड आधी कुणाची हा फरक.

जेवणाचे मात्र तिथे हाल झाले. तीन दिवस पिझ्झा, बर्गर आणि महाग पाणी. आईंनी दुसऱ्याच दिवशी 'तुझं ते धूरवालं घर बरं होतं' असं म्हटलं.

कुणी मला फोनवर विचारतं, टाइमशेअर घेऊ की डिस्नेचं हॉटेल? मी आधी विचारते, किती माणसं आणि सगळ्यात थकणारं माणूस कोण. चौघं असाल, मुलं सहा-सातची, चार दिवसांत सगळं उरकायचं असेल तर सरळ डिस्नेचं हॉटेल घ्या, गाडीचा विचारही करू नका. सहा-सात जण, दहा दिवस हाताशी, जेवायला घरचं लागतं, तर टाइमशेअर. आणि जमलं तर आमच्यासारखं दोन्ही, पण हॉटेल शेवटी ठेवा. आधी ठेवलंत तर नंतरची ती ट्राम आणि ती बोट सहन होणार नाही.

मोपा विमानतळावर उतरून घरी आलो तेव्हा पत्रपेटीत यंदाचं मेंटेनन्सचं बिल पडलं होतं. बाबांनी ते उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. कपाटात नेलं नाही. म्हणाले, 'पुढचा आठवडा आत्ताच जमा करून टाक. दोन वर्षं चालतो म्हणालीस ना?' मी त्याच रात्री केला. आडनावाच्या चौकटीत 'पोरोबो' लिहिलं.