मॉड्स्ली: आट्यांवर उभा राहिलेला कारखाना

यंत्रं घडवणाऱ्या हेन्री मॉड्स्लीचा जन्म १७७१ चा, लंडनजवळच्या वूलिचचा. बाराव्या वर्षी तिथल्या शस्त्रागारात काडतुसं भरायला लागला, मग सुतारशाळा, मग लोहारशाळा. अठराव्या वर्षी जोसेफ ब्रामाच्या कुलुपांच्या कारखान्यात आला. ब्रामाचं कुलूप अव्वल होतं, पण त्यातले बारीक भाग हाताने कानसून करायचे म्हटलं की किंमत परवडत नसे. मॉड्स्लीने ते भाग करणारी यंत्रंच बनवली. पुढे मुख्य कारागीर झाला. आठवड्याला ३० शिलिंग मिळत होते, त्यात वाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटलं. १७९७ मध्ये मॉड्स्लीने लंडनच्या वेल्स स्ट्रीटवर स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं.

तेव्हा लेथवर, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) गोल फिरवत कापायच्या यंत्रावर, टर्नर हातातलं टूल टेकूवर धरून काम करायचा. लाकडाला हे चालतं. लोखंडात मनगट जरा ढिलं पडलं की कट खोल-उथळ होतो. स्लाइड रेस्टची, म्हणजे टूल घट्ट धरून सरळ सरकवणाऱ्या भागाची, कल्पना मॉड्स्लीच्या आधीची आहे, श्रेय सगळं त्याला देऊ नये. पण लोखंडी बेड, स्लाइड रेस्ट, लीडस्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) आणि चेंज गिअर (बदलता येणारी दातेरी चाकं) यांची पक्की जुळणी त्याने १८०० च्या सुमारास एकाच लेथवर केली. समजा लीडस्क्रूला इंचाला ४ आटे आहेत आणि जॉबवर ८ हवेत. मग लीडस्क्रूच्या एका फेऱ्यात स्पिंडलचे (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे व्हायला हवेत: स्पिंडलवर २० दात्यांचं गिअर, लीडस्क्रूवर ४० दात्यांचं. मधलं आयडलर (दोघांना नुसतं जोडणारं गिअर) कितीही दात्यांचं चालतं.

गोम पुढे आहे. लीडस्क्रूतली चूक नव्या स्क्रूत जशीच्या तशी उतरते. मग पहिला चांगला स्क्रू आणायचा कुठून? मऊ धातूच्या किंवा लाकडाच्या गोल दांडीवर त्याने सुरी ठराविक कोनात तिरपी टेकवली. दांडी फिरली की सुरी सरकत सरकत आटा कोरते, सुरीचा कोन बदलला की पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बदलतो. अशा स्क्रूंमधून निवडत, दुरुस्त करत तो पुढे गेला. त्याचा एक स्क्रू ५ फूट लांब, २ इंच व्यासाचा, इंचाला ५० आट्यांचा होता. नट १२ इंचाचा, म्हणजे एका वेळी ६०० आटे धरलेले. एवढा लांब नट कशाला? एखाद्या आट्याची चूक बाकीच्या ५९९ मध्ये विरून जाते म्हणून.

सपाटीबाबतही तो तसाच हट्टी. कारागिरांच्या बाकांवर सरफेस प्लेट (तंतोतंत सपाट केलेल्या धातूच्या पाट्या) ठेवलेल्या असत, त्यावर नीळ लावून जॉबची उंच टोकं शोधायची. अशी प्लेट करताना दोनच प्लेट एकमेकींशी जुळवल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या बिनफट बसतात. तीन प्लेट आळीपाळीने जुळवल्या तर ही फसगत टळते. प्लेट मधूनमधून ९० अंशात फिरवायच्याही, नाहीतर पीळ राहून जातो. पावडर लावून घासू नका, ती कडा जास्त खाते. स्क्रेपरने खरवडणं हाच इलाज. मापांवरचं भांडण मिटवायला एक बेंच मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) होता. स्क्रूला इंचाला १०० आटे, चकतीवर १०० भाग, म्हणजे एक भाग इंचाचा दहाहजारावा. त्याला नाव दिलं होतं ‘लॉर्ड चॅन्सेलर’, म्हणजे इंग्लंडचा तेव्हाचा बडा न्यायाधीश, कारण त्याच्यावर अपील नाही!

धंदा मोठा झाला तो जहाजांच्या शिडांचे दोर ओढायच्या कप्प्यांमुळे. पोर्ट्समथच्या नौदल गोदीसाठी इंजिनिअर मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून त्याने लाकडी कप्प्या करणारी चाळीसहून जास्त यंत्रं पुरवली. ११० कसबी माणसांचं काम १० जण करू लागले. १८०८ मध्ये वर्षाला १,३०,००० कप्प्या निघत होत्या. १८१० मध्ये कारखाना लॅम्बेथला गेला, पुढे जहाजांची वाफेची इंजिनं तिथेच झाली. मालक १८३१ मध्ये वारला.

त्या काळी प्रत्येक नट आपल्याच बोल्टचा असायचा. यंत्र उघडताना जोड्यांवर खुणा केल्या नाहीत तर जुळवताना दिवस जायचा. मॉड्स्लीने आपल्या कारखान्यापुरते आटे ठरवून टाकले. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये बाजूंमध्ये ५५ अंशांचा कोन असलेला आटा देशभरासाठी सुचवला. तोच हा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ), आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर अजून सापडणारा. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाच्या बीएसडब्ल्यूला इंचाला १२ आटे, यूएनसीला, म्हणजे अमेरिकेतल्या प्रमाण आट्याला, १३. चुकीचा नट सुरुवातीला बोटाने सुरळीत जातो, मग अडतो. तिथे पान्याने जोर लावलात की आटे गेलेच. आधी पिच गेज (आटे ओळखायची दातेरी पट्टी) लावा.